मिस्त्रीच्या कपड्यांची धूळ

बागियोचा डोंगर उतरून आलेली प्रत्येक जीपनी रोझारियोत पोचते ती जळकट वास घेऊन. वळणावळणाला ब्रेक दाबत आलेल्या त्या प्रवासी जीपांचे ड्रम इतके तापलेले असतात की वर थुंकी टाकली तर चर्र आवाज होतो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ब्रेकवाल्यांची गॅरेजं आहेत. त्यांतलं सगळ्यात जुनं गौदेन्सियोचं, आणि गौदेन्सियोच्या गॅरेजची शान म्हणजे मेलानियो मिस्त्री.

मेलानियो ड्रम उघडायला बसला की ड्रायव्हर सिगारेट पेटवून भोवती उभे राहत. ड्रमला आतून घासणारा लायनर किती झिजलाय हे तो नुसता अंगठा फिरवून सांगायचा. मग हवेच्या कॉम्प्रेसरची नळी उचलायचा आणि ड्रममध्ये फूत्कार सोडायचा. आत साठलेल्या भुकटीचा काळपट ढग उठायचा, मेलानियोच्या भुवयांवर, मिशांवर, कानांच्या पाळ्यांवर बसायचा, आणि ड्रम आतून लख्ख व्हायचा. ड्रायव्हर खोकत मागे सरायचे. मेलानियो सरायचा नाही. तो त्या ढगात हसत उभा राहायचा, आणि संध्याकाळी तो ढग अंगावर घेऊनच घरी जायचा.

घरी सिनिंग असायची. तिचं खरं नाव युफ्रोसिना, पण चर्चमधले पाद्री सोडले तर त्या नावानं तिला कुणी हाक मारत नसे. लग्न होऊन आली तेव्हा सासूनं तिला पहिल्याच आठवड्यात धुणं शिकवलं. मिस्त्रीचे कपडे थेट पाण्यात टाकायचे नाहीत, पाणी शाईसारखं होतं, साबण वाया जातो. आधी मागच्या अंगणात न्यायचे, एकेक सदरा दोन्ही खांद्यांना धरायचा आणि जोरात झटकायचा. विजार भिंतीवर आपटायची. खिसे उलटे करायचे. मगच टबात. सासू हे काम नाक न झाकता करायची, सिनिंगही तसंच करू लागली. झटकलेली भुकटी मिरचीच्या रोपांवर बसायची, वाळत घातलेल्या सुक्या मासळीवर बसायची, सिनिंगच्या केसांत आणि तोंडात जायची. ती चूळ भरायची आणि पुढचा सदरा उचलायची.

मेलानियोला आपला रविवारचा सदरा दुधासारखा पांढरा लागे. मिस्त्री असलो तरी चर्चमध्ये मिस्त्री दिसणार नाही, असं तो म्हणे. एकदा कॉलरवर राखाडी रेघ राहिली. शेजारच्या आंब्याखाली त्याचे दोस्त जिन घेऊन बसले होते. त्यांच्यासमोर त्यानं तो सदरा काढला, सिनिंगच्या तोंडावर भिरकावला आणि म्हणाला, तुझ्या बापानं मला बायको दिली की नुसतं खाणारं तोंड दिलं? दोस्त हसले. सिनिंगनं सदरा उचलला आणि टबाकडे गेली. त्यानंतर ती कपडे आणखी जोरात झटकू लागली.

तिचा धाकटा भाऊ ओनोफ्रे त्याच गॅरेजात कामाला होता. हात शांत, बोलणं कमी. जीपनीवाल्यांच्या सहकारी संस्थेनं एकदा बागियोला मिस्त्रींसाठी शिकवणी ठेवली, तेव्हा मेलानियोनं जायला नकार दिला आणि गौदेन्सियोनं ओनोफ्रेला पाठवलं. परत आला तो वेगळाच. ब्रेकच्या भुकटीत लोखंड असतं, तांबं असतं, आणि स्वस्तातल्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉसही असतं, असं तिथं सांगितलं होतं. लायनरकडे नुसतं बघून ते ओळखता येत नाही, म्हणून सगळेच लायनर घातक समजून काम करायचं. ॲस्बेस्टॉसचे डोळ्याला न दिसणारे धागे छातीत जाऊन रुततात आणि वीस-तीस वर्षांनी उगवतात.

ओनोफ्रेनं दुसऱ्या दिवसापासून हवेची नळी वापरणं सोडलं. ड्रमखाली घमेलं ठेवायचं, साबणाच्या पाण्यानं आतली भुकटी भिजवायची, ओल्या फडक्यानं पुसून घ्यायची, फडकं पिशवीत बांधून टाकायचं. तोंडाला रुमाल गुंडाळून भागत नाही म्हणून त्यानं नाकावर घट्ट बसणारा मास्क आणला. गॅरेजात बसून जेवायचंही त्यानं सोडलं. कामाचे कपडे तो तिथंच बदलू लागला. एका गाडीला त्याला मेलानियोपेक्षा थोडा जास्त वेळ लागे, इतकंच.

मेलानियोनं दोन-चार दिवस बघितलं. मग एका दुपारी, पाच-सहा ड्रायव्हर उभे असताना, त्यानं ओनोफ्रेच्या पुढ्यातलं साबणाचं काळं घमेलं उचललं. गळ्यात पाद्र्यासारखं एक फडकं अडकवलं आणि गंभीर आवाजात म्हणाला, "या लेकराला मी पाण्याचा बाप्तिस्मा देतो. याला आजपासून बाईचं नाव, ओनोफ्रा." आणि घमेलं त्याच्या डोक्यावर उपडं केलं.

गॅरेज खदखदून हसलं. गौदेन्सियोसुद्धा खुर्चीत मागे रेलून हसला. सिनिंग त्याच वेळी नवऱ्याचा डबा घेऊन दारात पोचली होती. भावाच्या कानांतून काळं पाणी गळत होतं, मास्क भिजून गालाला चिकटला होता. तिला हसू आलं. सगळे हसत होते म्हणून असेल, किंवा या वेळी ते आपल्यावर नव्हतं म्हणून असेल. ती हसली, आणि ओनोफ्रेनं ते बघितलं.

पुढल्या महिन्यात तो दूर इसाबेला प्रांतात निघून गेला, एका टायरवाल्याच्या हाताखाली. जायच्या आधी बहिणीच्या घरी आला, पण आत नाही आला. कुंपणाजवळूनच म्हणाला, "मनांग, ताई, निदान ते कपडे झटकू नकोस. तसेच भिजव. साबण जास्त लागेल तर लागू दे."

सिनिंगनं मान हलवली. तो गेल्यावर तिनं एकदा तसं करून बघितलं. पाणी शाईसारखं झालं, आणि रविवारच्या सदऱ्यावर टबातला काळा डाग चढला. त्या रविवारी मेलानियोनं सगळ्या रस्त्यानं तिला चार पावलं मागे चालायला लावलं. तिनं पुन्हा झटकायला सुरुवात केली.

वर्षं गेली. मुलगी मारिव्हिक लग्न होऊन दागुपानला गेली. मेलानियोची मिशी पिकली, पण छाती तशीच रुंद. सिनिंगला मात्र चर्चचा चढ चढवेना. आधी तिला वाटलं वय झालं. मग उजव्या कुशीवर झोपता येईना. बरगड्यांखाली कुणीतरी चिमटा धरून बसल्यासारखं दुखायचं. दवाखान्यात एक्स-रे काढला, छातीत पाणी दिसलं, आणि त्या भागात छातीत पाणी म्हटलं की जे निघतं तेच निघालं: क्षय. गोळ्या सुरू झाल्या. लघवी लाल व्हायला लागली, तोंडाची चव गेली.

क्षय म्हटल्यावर मेलानियोनं घरात फर्मान काढलं. तिची ताटली वेगळी, पेला वेगळा. आपल्याला लागण नको म्हणून त्यानं तिची चटई घरातून काढली आणि मागच्या पडवीत टाकली. त्या पडवीत तो आपले कामाचे कपडे टांगायचा. सिनिंग रात्री त्या कपड्यांखाली झोपायची, आणि वारा आला की ते तिच्या तोंडावर हलायचे. सकाळी उठून तेच कपडे ती अंगणात न्यायची. दोन झटक्यांतच धाप लागायची, मग ती भिंतीला टेकायची आणि पुन्हा झटकायची. शेजारणी कुंपणापलीकडून विचारपूस करत, पण अलीकडे येत नसत. एकीनं तर उसना नेलेला तिचा तवा तीनदा उकळून परत केला.

गोळ्यांचा कोर्स संपला. सिनिंग अर्धी झाली होती.

मारिव्हिकला सातवा महिना होता तेव्हा ती बाळंतपणासाठी आली. आई पडवीत चटईवर उकिडवी बसून श्वास मोजत असलेली तिनं बघितली. तिनं बापाला काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी आईला गाडीत घातलं आणि डोंगर चढून बागियोच्या मोठ्या इस्पितळात नेलं. तिथं छातीतून पाणी काढलं, ते रक्तासारखं लाल होतं. मग आतला तुकडा काढून तपासायला पाठवला. निकाल यायला बरेच दिवस लागले.

निकालाच्या दिवशी डॉक्टरीण समोर बसली. पोरगेलीच होती. तिनं विचारलं, आयुष्यभर काय काम केलंत? सिनिंग म्हणाली, काही नाही, घरीच असते. कुठल्या कारखान्यात? नाही. खाणीत? नाही. नवरा काय करतो? ब्रेकचा मिस्त्री आहे. त्याचे कपडे कोण धुतं?

"मीच," सिनिंग म्हणाली. "दुसरं कोण धुणार?"

"कसे धुता?"

सिनिंगनं पलंगावरची चादर उचलली, दोन कोपरे धरले आणि झटकून दाखवली. आयुष्यभराची सवय होती, हात बरोबर उठले. डॉक्टरिणीनं निकालाचा कागद पुढं ओढला. मग तिनं सांगितलं. हा क्षय नव्हता. फुप्फुसावरच्या आवरणाचा कर्करोग होता, ॲस्बेस्टॉसचा. उपाय नव्हता. पाणी पुन्हा पुन्हा भरेल, ते काढत राहायचं, दुखण्यावर औषध देता येईल. वर्ष मिळालं तर पुष्कळ. घरातल्या बाकीच्यांचेही एक्स-रे काढून घ्या, आणि बाळ यायच्या आत ते कपडे घरातून बाहेर काढा, असंही ती मारिव्हिकला म्हणाली.

दोघी डोंगर उतरल्या. जीपनीच्या चाकांतून तो वास येत होता. सिनिंगनं पदरानं पुसावं तसं हातरुमालानं तोंड पुसलं आणि तो तिथंच धरून ठेवला.

घरी आल्यावर ती रडली नाही. मारिव्हिकला तिनं पडवीत पाऊल टाकू दिलं नाही. नाकाला इस्पितळातला मास्क लावून तिनं टांगलेल्या कपड्यांवर तांब्यातांब्यानं पाणी ओतलं, ते निथळत असतानाच पिशवीत कोंबले आणि तोंड बांधलं. झाडूला हात लावला नाही. भिंत, खुंट्या, जमीन सगळं ओल्या फडक्यानं पुसलं, फडकीही पिशवीत बांधली. या कामाला तिला दुपारपासून सूर्य कलेपर्यंत वेळ लागला. मग खुर्ची ओढत तिनं फाटकापाशी नेली आणि वाट बघत बसली.

मेलानियो आला तेव्हा आंब्याखाली दोस्त जमलेले होते.

"तिथंच थांब," सिनिंग म्हणाली. "कपडे काढ. त्या बादलीत टाक. नळावर आंघोळ कर आणि मग आत ये."

"रस्त्यात?"

"रस्त्यात."

तो दोस्तांकडे बघून हसला. म्हातारीला पुन्हा तरुणपण आलंय, म्हणाला. दोस्तही हसले. सिनिंग हसण्यात सामील झाली नाही. तिनं आपल्या सदऱ्याची बटणं काढली आणि कुशीतली टोचल्याची जखम, तिच्यावरची पट्टी, त्याखाली मोजता येणाऱ्या बरगड्या सगळ्यांना दिसतील अशी बाजू वळवली.

"तुझी धूळ आहे ही," ती म्हणाली. "तू अंगावर आणलीस, मी खाल्ली. आता लेकीच्या पोटात बाळ आहे. काढ कपडे."

दोस्तांनी माना खाली घातल्या. मेलानियोनं कपडे काढले. त्याच्या पांढऱ्या पोटावर आणि काळ्या हातांवर नळाचं पाणी पडत राहिलं, आणि ते बघायला रस्त्यावरची पोरं थांबली. त्या रात्री तो सिनिंगशी बोलला नाही. पुढंही फार बोलला नाही.

एक्स-रे मात्र त्यानं काढून घेतला, भीतीपोटी. फुप्फुसांच्या कडेला जुने जाड चट्टे होते. वर्षातून एकदा दाखवत जा, सिगारेट आजच सोड, पण सध्या काळजीचं काही नाही, असं डॉक्टर म्हणाले. मेलानियोनं त्यातलं शेवटचं तेवढं ऐकलं. एक्स-रेचं पाकीट काखेत मारून तो गॅरेजात गेला, प्रत्येक ड्रायव्हरला ते उजेडात धरून दाखवलं. मी तो ढग जन्मभर प्यालो, तो म्हणायचा, बघा माझी छाती. धुळीनं माणूस मरत असता तर आधी कोण मेला असता? बायकोला क्षयच आहे, डोंगरावरच्या डॉक्टरांना नावं नवी लागतात. मिस्त्रींना ते पटलं, कारण पटवून घेणं सोयीचं होतं. कॉम्प्रेसर दिवसभर फुसफुसत राहिला.

शेजारणीकडून हे सिनिंगच्या कानावर आलं. त्याच आठवड्यात गौदेन्सियो स्वतः घरी आला, तांदळाचं पोतं घेऊन. फाटकाबाहेरच उभा राहिला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, लोक घाबरलेत, ड्रायव्हरांच्या बायका काहीबाही बोलतात, तर कुणी विचारलं तर क्षय म्हणायला काय हरकत आहे? क्षय काय, तो काय, तुला फरक पडत नाही.

सिनिंगनं ऐकून घेतलं. पोतं परत घेऊन जायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मारिव्हिकच्या खांद्याचा आधार घेत ती गॅरेजापर्यंत गेली. आत गेली नाही. रस्त्याच्या पलीकडल्या कडेला, वारा पाठीशी येईल अशी जागा बघून खुर्ची मांडली आणि बसली. पाणी काढायला आता इस्पितळानं छातीत नळी बसवली होती, तिची पिशवी तिनं झाकली नाही, मांडीवर उघडी ठेवली. तिच्यात लालसर पाणी साचत होतं.

कुठलीही जीपनी थांबली की ती ड्रायव्हरला हाक मारायची आणि एकच विचारायची, तुझे कपडे कोण धुतं? आई, म्हणायचा कुणी. बायको, म्हणायचा कुणी. ती मान हलवायची आणि पिशवीकडे बोट दाखवायची. एवढंच. जास्त बोलायला श्वास नव्हता. कितीतरी ड्रायव्हर ब्रेक न दाखवताच निघून गेले.

मेलानियोनं रस्ता ओलांडून येऊन तिला घरी चल म्हटलं. लाज आणतेस, म्हणाला. मी मेलो असतो तर बरं झालं असतं असं वाटतं का तुला?

"हो," सिनिंग म्हणाली.

तो उभा होता तसाच परत फिरला.

ती रोज येऊन बसू लागली. मग ड्रायव्हरांच्या बायका यायला लागल्या, आधी बघायला आणि मग विचारायला. सिनिंग त्यांना तुटक तुटक सांगायची. झटकू नका. कोरडे धरूच नका, आधी ओले करा. घरच्या कपड्यांत मिसळू नका. धुतल्यावर टब खंगाळा. त्यापेक्षा चांगलं म्हणजे ते घरी येऊच देऊ नका. त्या बायकांनी घरी जाऊन जी भांडणं केली असतील ती केली असतील, पण गौदेन्सियोच्या गॅरेजात गाड्या कमी झाल्या. शेवटी त्यानं कॉम्प्रेसरची नळी ड्रमच्या कामातून काढून टाकली, मागे न्हाणीघर बांधलं, कपडे टांगायला खोली केली. आणि इसाबेलात निरोप धाडून ओनोफ्रेला बोलावून घेतलं, कारण ओल्या कामाची पद्धत दुसऱ्या कुणाला येत नव्हती.

ओनोफ्रे आला तेव्हा सिनिंग खुर्चीवर बसण्याच्या पलीकडे गेली होती. ती मारिव्हिकच्या खोलीत तीन उशांना टेकून असायची. आडवं झालं की गुदमरायची. भाऊ शेजारी बसला. तिनं त्याचा हात धरला आणि त्या बाप्तिस्म्याच्या दुपारबद्दल काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. खोकला आला, तो थांबेना. खोकला थांबल्यावर ती पुन्हा त्या विषयाकडे वळली नाही, आणि त्यानंही विचारलं नाही. क्षमा मागायची राहून गेली की ती मागायची नव्हतीच, हे ओनोफ्रेला आजही ठाऊक नाही.

नातू झाला तेव्हा ती जिवंत होती. तिनं त्याला दुरून बघितलं. माझ्या केसांत अजून ती भुकटी असेल, म्हणाली, आणि जवळ आणू दिलं नाही. मारिव्हिकनं पुष्कळ समजावलं, रोज मीच तुझे केस धुते म्हणून सांगितलं. सिनिंगनं ऐकलं नाही. शेवटचे दिवस वाईट गेले. तिला पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखा श्वास लागायचा, औषधाचा अंमल उतरला की ती भिंतीला नखं लावायची. एका सकाळी ती गेली. दफनाआधी, रिवाजाप्रमाणे, सात-आठ दिवस अंगणात लोक जागले, कॉफी प्याले, पत्ते खेळले. गौदेन्सियोनं पाठवलेलं डुक्कर कापलं गेलं. प्रार्थनेला आलेल्या बायकांपैकी दोघी हलक्या आवाजात क्षय असंच म्हणत होत्या.

मेलानियो पांढरा सदरा घालून शवपेटीजवळ उभा राहिला. कुणी काही विचारलं तर मान हलवत राहिला.

गौदेन्सियोकडे ओल्या फडक्यानं काम करणं त्याला जमलं नाही. ओनोफ्रेच्या हाताखाली तर नाहीच नाही. चाळीस दिवसांची प्रार्थना झाली आणि तो समोरच्या गॅरेजात लागला, राहायलाही तिथंच गेला. तिथं हवेची नळी चालते. तिथं काम झटपट होतं, म्हणून घाई असलेले ड्रायव्हर तिकडंच वळतात, आणि रोझारियोत घाई नसलेला ड्रायव्हर क्वचितच भेटतो. त्याचे कपडे धुवायला आळीतली एकही बाई तयार झाली नाही. पुष्कळ हिंडून त्याला शेजारच्या गावात एक बाई मिळाली, आधी त्या धंद्याशी संबंध नसलेली. मारिव्हिक बाळाला ओनोफ्रेपाशी ठेवून तिच्याकडे गेली आणि सगळं सांगून आली. बाईनं ऐकलं, खरं की काय म्हणाली, आणि मला दुसरं काम कोण देतंय असंही म्हणाली. निदान आधी ओले कर, एवढं मारिव्हिकनं तिच्याकडून कबूल करून घेतलं.

बापाला तिनं एक अट घातली. नातवाला भेटायचं तर रविवारी यायचं, बाहेर नळावर आंघोळ करायची, धुतलेले कपडे घालायचे, मग आत. मेलानियो दोन रविवार आला. तिसऱ्या रविवारी फाटकापर्यंत आला, बादलीकडे बघितलं, आणि ज्याच्या हातांनी हे घर बांधलं त्याला कुत्र्यासारखं धुऊन आत घेणार का, असं म्हणून परत गेला. मारिव्हिकनं हाक मारली नाही. महिन्याभरात नवरा येऊन तिला आणि बाळाला दागुपानला घेऊन गेला.

मेलानियो अजून काम करतो. नातू आता चालायला लागलाय, असं कुणीतरी त्याला सांगितलं, तेव्हा त्यानं बरं म्हटलं आणि नळी उचलली.